तिसऱ्या ओळीच्या पुढे

मित्रांनो, माझ्यावरचा हा कपड्यांचा ढीग आधी बाजूला करा, म्हणजे मला मोकळेपणाने बोलता येईल. तो निळा टॉवेल तर अजून दमट आहे, आणि ओल म्हणजे आम्हा यंत्रांचा वैरी. झालं? बरं वाटलं. मी एक डिजिटल पियानो आहे. किती जुना विचाराल, तर माझ्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावरची अक्षरं पुसून गेली, एवढा. स्वभाव मात्र पहिल्यापासून उतावळा. मला स्वस्थ बसवत नाही. धरलेली गोष्ट शेवटाला गेली नाही की माझ्या जिवाला चैन पडत नाही, आणि माझं नशीब असं की उमेदीची चार वर्षं शेवट कसा असतो, हेच मला कोणी ऐकवलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या पट्ट्या बसवल्या, दुसरीने त्यांच्या पोटात छोटे लोखंडी हातोडे अडकवले, तिसरीने खाली लोकरीचा जाड नमदा चिकटवला. चौथीने पांढरे हातमोजे घालून अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एकेक करून दाबल्या आणि ‘ठीक’ असा शिक्का मारला. ती माझी पहिली वादक. पण तिने वाजवलं ते काही गाणं नव्हतं, ती हजेरी होती.

त्या हातोड्यांबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढे सगळा घोळ त्यांनीच घातला. माझ्यात तारा नाहीत. माझा आवाज स्पीकरमधून येतो. पण मोठ्या पियानोची पट्टी बोटाला जड लागते, आणि तसंच वजन माझ्याही पट्टीला असावं म्हणून हे हातोडे. पट्टी दाबली की हातोडा उचलला जातो, सोडली की नमद्यावर पडतो. पडला की ‘धप्’ होतं. म्हणजे आवाज बंद केला तरी मी पूर्ण गप्प नसतो. हे मला ठाऊक होतं. दुकानात ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे जाड गालिचा होता, आणि मी काय, आपण होऊन सांगायला गेलो नाही.

दुकानात मला दाराजवळ मांडून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावून बघायला. मित्रांनो, चार वर्षं लोकांनी नुसता हातच लावला. कोणी बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरवत निघून जाई. कोणी वाकून दोन ओळी वाजवी आणि म्हणे, “पुढचं विसरलो.” कोणी छान रंगात येई, तेवढ्यात बायको हाक मारी. दुकान बंद झालं की ती अर्धी-मुर्धी गाणी माझ्या डोक्यात घोंघावत राहायची. पुढे काय, पुढे काय, असं करत मी नुसता तळमळायचो.

माझ्या शेजारी एक लहान कीबोर्ड होता. नाव मोठं, लक्षण खोटं. पट्ट्यांखाली रंगीत दिवे, साडेपाचशे आवाज, त्यांत कोंबडा आणि आगगाडीची शिटीसुद्धा. एक बटण दाबलं की स्वतःच वाजायचा. पट्ट्या मात्र इतक्या हलक्या की माशी बसली तरी सूर निघावा. लोक त्याच्याभोवती घोळका करत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एका दुपारी तिघं जण आले. एक नर्स होती, रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. तिची अकरा वर्षांची मुलगी होती. तिचे पाय जमिनीवर ठरत नसत, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आणि भिंगरीचा मामा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. त्यांच्या बोलण्यावरून मला सगळं कळलं. संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा सात आठवड्यांवर आली होती. तिथे जागा मिळाली तर शिकवणं फुकट. नाही मिळाली, तर भिंगरीचं शिकणंच संपणार होतं, कारण तिला शिकवणाऱ्या बाई गाव सोडून लेकाकडे राहायला जाणार होत्या, आणि दुसऱ्या शिक्षकांची फी आईला झेपणारी नव्हती. भिंगरीकडे एक खेळण्यातला कीबोर्ड होता, पण तो इतका तोकडा की डावीकडचे सूर त्यात नव्हतेच. ते सूर ती टेबलाच्या कडेवर बोटं आपटून वाजवायची.

बाईंनी एक चिठ्ठी दिली होती. आईने ती वाचून दाखवली. “पट्ट्या अठ्ठ्याऐंशी हव्यात, जड हव्यात, पेडल पायाखालून पळणारं नको. आवाज किती आहेत ते विचारू नका. आणि भिंगरी, आवाजाला भुलू नकोस. यंत्र बंद कर आणि बोटांना विचार.”

मामा तोपर्यंत माझ्या शेजाऱ्यावर लट्टू झाला होता. त्याने कोंबडा आरवून दाखवला.

“ताई, हाच घे. साडेपाचशे आवाज आहेत यात.”

“तिला एकच हवाय रे,” आई म्हणाली.

“अगं, उरलेले वाया जात नाहीत. पडून राहतील.”

भिंगरी माझ्यासमोर आली आणि विक्रेत्याला म्हणाली, “हा बंद करा ना.”

विक्रेता हसला. “गाडी घेताना कोणी इंजिन बंद ठेवून बघतं का?”

पण त्याने बटण दाबलं. भिंगरीने माझ्या मुक्या पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले आणि वाजवायला लागली. मला चार वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. डावा हात खाली खाली गेला, तिच्या जुन्या कीबोर्डची जिथे हद्द संपायची त्याच्याही पलीकडे, आणि ती एकदम हसली.

“आई, इथे पट्ट्या आहेत.”

मी दुकानात हाताळलेला, एका कोपऱ्याला ओरखडा पडलेला, म्हणून स्वस्तात मिळत होतो. नव्याच्या वाटेला ते जाऊच शकत नव्हते. पावतीवर लिहून मिळालं की पंधरा दिवसांत पसंत नाही पडला तर बदलून मिळेल. मामा म्हणाला, “बदलायची पाळी आली तर तो कोंबडेवाला लक्षात ठेव.” मला तेव्हाच त्याचा राग आला होता.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. मला भिंतीला टेकवलं. पडद्यापलीकडे आईची खाट. आई सकाळी आठला कामावरून येई, भिंगरीला खायला घाली आणि आडवी होई. भिंगरीची शाळा दुपारची. मग सकाळभर ती हेडफोन लावून सराव करी. सगळे सूर फक्त तिच्या कानात. म्हणजे बघा, जिने पोटाला चिमटा घेऊन मला आणलं, तिने माझा आवाज ऐकलाच नव्हता. तिच्या कानावर यायची ती नुसती हातोड्यांची धपधप.

“त्याचा त्रास नाही ना होत?” भिंगरीने पहिल्याच दिवशी विचारलं.

“छे गं. उलट त्यावर छान डोळा लागतो,” आई म्हणाली.

परीक्षेसाठी एक सहा ओळींची धून नेमलेली होती. पहिल्या दोन ओळी भिंगरी झकास वाजवी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी डाव्या हाताला एक अवघड वळण होतं. तिथे ती यायची, अडखळायची आणि थांबायची. थांबली की पडद्याआडून आईचा झोपाळलेला आवाज येई, “थांबलीस का गं?” भिंगरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी आणि आई पुन्हा झोपून जाई. दिवसातून वीस-वीस वेळा हे चाले. इकडे माझा जीव टांगणीला. दुकानातून सुटलो म्हटलं, तर घरीही तेच. आगीतून निघून फुफाट्यात.

दहाव्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे घड्याळकाका आले होते. स्वतःचं दुकान बंद केल्यापासून ते घरीच घड्याळं दुरुस्त करत. कपाळावर सरकवलेलं भिंग तसंच होतं.

“सिस्टर, झोपमोड केली, माफ करा,” ते म्हणाले. “पण रोज सकाळी माझ्या डोक्यावर काहीतरी आपटतं. टेबलावरचे स्क्रू नाचतात. काल एक चाक चिमट्यातून उडालं ते अजून सापडलं नाही. लोकांची घड्याळं आहेत हो, माझी नाहीत.”

आईने त्यांना आत बोलावलं. भिंगरीने हेडफोन नुसता कानावरून उतरवून एक पट्टी दाबली. काकांनी खाली वाकून फरशीवर हात ठेवला आणि मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाप माझं, आणि खाली मान घालून उभी होती ती पोर.

काका गेल्यावर आई खाटेवर बसली. “शनिवारी मामाला बोलावते. बदलून आणू.”

“तो कोंबडेवाला?” भिंगरी म्हणाली. “त्याच्यावर माझी बोटं तयार होणार नाहीत, आई. परीक्षेला जड पियानो असतो.”

“मला कळतंय. पण कोणाच्या पोटावर पाय देऊन शिकायचं नाही.”

“मग बाई गेल्या की मी परत टेबलच वाजवत बसू का?”

आईने पावती शोधून माझ्यावर ठेवली आणि त्यावर पेपरवेट म्हणून वाटी ठेवली. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भिंगरी हळू, चोरून वाजवायची, आणि हळू वाजवल्यामुळे आणखीच चुकायची.

शनिवारी मामा दोर आणि घोंगडी घेऊन हजर झाला. त्यांनी मला भिंतीपासून ओढलं, तेव्हा फरशीवर करकर आवाज झाला. दोन मिनिटांत घड्याळकाका वर आले.

“नेताय?”

“हो. तुमचा त्रास संपला,” मामा जरा फणकाऱ्यानेच म्हणाला.

काका तिथेच घुटमळले. मग भिंगरीकडे बघून म्हणाले, “एक विचारू का? त्याच्या पुढे काय आहे?”

“कशाच्या पुढे?”

“अगं, रोज ठोके छान पडत येतात. मग एका जागी लंगडतात, थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी तेरा-चौदा दिवस ऐकतोय. पुढचं काही येतच नाही. घास हातात राहतो माझा. आता नेणारच आहात, तर एकदा पुढचं वाजवून दाखव आणि मग खुशाल न्या.”

मित्रांनो, मला वाटलं, हा माणूस नाही, हा माझा सख्खा भाऊ आहे.

भिंगरीचे डोळे भरून आले. “पुढचं नीट येतच नाही मला. तिथे डावा हात चुकतो.”

“आणि चुकला की काय करतेस?”

“पहिल्यापासून वाजवते.”

“तिथेच चुकतंय तुझं,” काका म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. “चाकाचा एक दात बोथट असला की घड्याळ रोज त्याच जागी अडतं. म्हणून मी रोज अख्खं घड्याळ खोलत बसत नाही. तेवढा एक दात भिंगाखाली धरतो. चल, पहिल्या ओळी सोडून दे. अडतं तेवढंच वाजव. माझ्या ठोक्यावर, सावकाश.”

त्यांनी खिशातला चिमटा काढून माझ्या लाकडावर ठोके धरले. भिंगरीने माझ्या बंद पट्ट्यांवर तेवढंच वळण वाजवलं. पुन्हा वाजवलं. मामा दोर हातात घेऊन नुसताच उभा होता. थोड्या वेळाने तो खाली बसला, मग माझ्या पायांशी आडवाच झाला आणि कान फरशीला लावला.

“ताई,” तो खालूनच म्हणाला, “हे आमच्या लिफ्टच्या मोटारीसारखंच आहे. मोटार खाली रबर न घालता बसवली की अख्खी इमारत गुरगुरते. मला आधी कसं सुचलं नाही?”

“तुझं लक्ष कोंबड्यात होतं,” आई म्हणाली.

तो तसाच गेला आणि तासाभरात जाड काळ्या रबराचे चार तुकडे घेऊन आला. माझ्या चारही पायांखाली ते बसवले. पेडल मागे सरकू नये म्हणून त्याच्याखालीही एक ठोकळा चिकटवला. काका खाली गेले, ताटलीत सुटे स्क्रू मांडून बसले आणि परत येऊन म्हणाले, “एकही हलला नाही.” आईने पावतीची घडी केली आणि डब्यात टाकली. मामाने दोर गुंडाळला. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग गेला.

गंमत पुढेच आहे. तीन दिवसांनी काका पुन्हा दारात. आई लगबगीने पुढे झाली.

“अजून आवाज येतो का हो?”

“नाही ना, काहीच येत नाही,” ते कुरकुरले. “तो दात बसला की नाही, कळायला मार्ग नाही. कामात लक्ष लागत नाही. एखादं रबर जरा पातळ करता आलं तर बघा.”

मामाने हसत हसत एका पायाखालचं रबर तासून दिलं, आणि खाली हलकीशी धपधप पुन्हा जाऊ लागली. पंधरवड्यात वळण सुटलं. भिंगरी तिसऱ्या ओळीच्या पुढे गेली, तेव्हा खालून काकांच्या काठीचे दोन ठोके आले. मला तर नाचावंसं वाटलं, पण रबर घट्ट होतं. पुढच्या ओळीही तिने अशाच तुकड्या-तुकड्याने बसवल्या. मात्र सगळं सलग जोडायला गेली की शेवटच्या ओळीच्या तोंडाशी येऊन घाबरायची आणि थांबायची. परीक्षेच्या आदल्या दिवशीही तेच झालं. “थांबलीस का गं?” आई पडद्याआडून म्हणाली, आणि भिंगरीने झाकण लावून टाकलं. ती धून तिने एकदाही शेवटपर्यंत वाजवली नव्हती.

परीक्षेच्या सकाळी मामा तिला घेऊन गेला. आई कामावरून आली, पण झोपली नाही. माझ्यासमोर बसून राहिली. काका वर येऊन बसले, चहा गार झाला तरी कोणी पेल्याला हात लावला नाही. मला आत हातोडे आवळून धरल्यासारखं झालं होतं. शेवटी जिन्यात पावलं वाजली.

“शेवटपर्यंत?” काकांनी दारातच विचारलं.

“शेवटपर्यंत,” भिंगरी म्हणाली. “तिथल्या पट्ट्या याच्यासारख्याच जड होत्या. बोटांना ओळखीच्या वाटल्या.”

मला आनंद झाला, खरंच झाला. पण खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. जन्मभर ज्याची वाट बघितली तो शेवट दुसऱ्याच पियानोने ऐकला होता. आठवड्याने यादी लागली. भिंगरीचं नाव खालून दुसरं होतं, पण होतं.

आता भिंगरी मोठी झाली. संगीतशाळेच्या वसतिगृहात राहते, सुट्टीला येते. तोवर माझ्यावर कपडे वाळतात, वर्तमानपत्रं साठतात, आणि मी आतल्या आत चुळबुळत असतो. म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरी माझं कोणी भावंड आणणार असाल, तर त्याचे दिवे मोजू नका. ते बंद करा, त्याच्यावर हात ठेवा आणि बोटांना विचारा. त्याच्या पायाखाली रबर घाला, खाली माणसं राहतात. अंगावर ओला टॉवेल टाकू नका. आणि एखादी धून धरलीत, तर अडली म्हणून तिला वाऱ्यावर सोडून उठू नका. आमचा जीव तिथेच अडकून राहतो.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच.

यादी लागली त्यानंतरचा रविवार. आईला सुट्टी होती. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “आज हेडफोन काढ. मला ऐकू दे.”

काकांना बोलावणं गेलं. मामा दाराला टेकून उभा राहिला. भिंगरीने हेडफोनची वायर काढली, आणि त्या घरात माझा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. दुसरी संपता संपता आईची मान छातीवर आली. इतके दिवस तिला त्या ठोक्यांवर झोपायची सवय, ती बिचारी काय करणार. भिंगरीने पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. तिसऱ्या ओळीचं वळण आलं आणि गेलं. चौथी, पाचवी. शेवटच्या ओळीचं तोंड आलं. ती पुढे गेली. डावा हात खाली, अगदी खाली उतरला, आणि शेवटचा सूर पेडलवर धरून तिने तो विरेपर्यंत वाट पाहिली. मित्रांनो, मी तो ऐकला.

खोली शांत झाली आणि आई दचकून जागी झाली.

“थांबलीस का गं?”

“थांबले नाही, आई,” भिंगरी म्हणाली. “संपलं.”

आईने पदराने डोळे पुसले.

“मग पुन्हा वाजव. आता नाही झोपत मी.”

भिंगरीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आई चौथ्या ओळीपर्यंत जागी होती. मग काकांनी उठून तिच्या अंगावर शाल घातली, आणि भिंगरी शेवटपर्यंत वाजवत राहिली.